१६२६ : मुंबई जाळली आणि तिसऱ्या दिवशी निघूनही गेले?

आडवा_वारा
नमस्कार मंडळी. मुंबई इंग्रजांना लग्नात आंदण मिळाली हे आपण शाळेत घोकलंय. पण त्याच्या पस्तीस वर्षं आधी हेच इंग्रज मुंबईत येऊन, तोफा डागून, गाव पेटवून गेले होते, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही चुलतभावाशी पैज लागल्यावर.

हकीकत अशी. ऑक्टोबर १६२६. इंग्रज आणि वलंदेज, म्हणजे डच, यांची जहाजं एकत्र मुंबईच्या बंदरात शिरली. मुंबई तेव्हा पोर्तुगीजांची. डेव्हिड डेव्हिस नावाच्या इंग्रज खलाशाने रोजनिशीत टिपून ठेवलंय. १३ तारखेला आत शिरून छोट्या गढीजवळ नांगर टाकला. मग 'मॉरिस' हे इंग्रज जहाज आणि वलंदेजांची जहाजं किनाऱ्यावरच्या 'मोठ्या घरा'समोर जाऊन मारा करू लागली. त्यात मॉरिसच्या स्वतःच्याच तीन तोफा फुटल्या. त्याच दिवशी दोघांची मिळून ३०० माणसं उतरली, त्यांनी झावळ्यांची घरं जाळली आणि मोठं घर घेतलं. १५ तारखेला, रविवारी संध्याकाळी, सगळे परत जहाजावर. मागे मोठं घर धडाडून जळतंय. ते एकाच वेळी वखार, मठ आणि गढी असं सगळं होतं. आजूबाजूची चांगली घरंही पेटलेली, आणि बांधून पुरी न झालेली, पाण्यात न उतरलेली दोन नवी जहाजंही. हाती काय लागलं? पितळेच्या दोन लहान तोफा आणि लोखंडाची एक. माणसं उतरायच्या आधीच गावातले लोक किडुकमिडुक घेऊन पसार झाले होते.

आता माझा प्रश्न. गाव रिकामं, गढी हातात, आणि बंदर तर असं की पुढे त्यावर साम्राज्य उभं राहिलं. मग सोडून का गेले?

खाडीपलीकडचा
पहिला! बाकीचं जेवून आल्यावर.

नस्ती_उठाठेव
तीन तोफा फोडून घेतल्या, तीन तोफा मिळवल्या. जमाखर्च चोख. असा हिशेबनीस आमच्या सोसायटीला मिळाला असता तर पाण्याची टाकी गळाली नसती.

सनावळी_सखाराम
धागा छान, पण आडवा_वारा, तुम्ही प्रश्न शेवटून सुरू केलात. आधी हे बघा की हे दोघे मुळात एकत्र आले कसे.

१६२३ साली वलंदेजांनी आजच्या इंडोनेशियातल्या अंबोयना बेटावर दहा इंग्रजांना कटाचा आरोप ठेवून, हालहाल करून मारलं होतं. लंडनमध्ये त्यावरून आग भडकलेली. आणि तीनच वर्षांत तेच दोघे मुंबईत खांद्याला खांदा लावून झावळ्या पेटवतायत! कारण शत्रू एक. १५८० पासून पोर्तुगालचं तख्त स्पेनच्या राजाकडे होतं. वलंदेजांचं स्पेनशी हाडवैर, मधली बारा वर्षांची तहाची मुदत १६२१ ला संपलेली. इंग्लंडही १६२५ पासून स्पेनशी लढत होतं. म्हणजे युरोपातल्या भांडणाचं बिल इथे फाडलं जात होतं.

शिवाय १६२५ च्या फेब्रुवारीत इराणी आखाताच्या तोंडाशी, होर्मुझपाशी या जोडगोळीची पोर्तुगीज आरमाराशी मोठी झुंज झाली होती. नूनो आल्व्हारेस बोतेल्यो हा त्यांचा सरदार. निकाल धड ना इकडे ना तिकडे. पुढच्या वर्षीही हे त्याच आरमाराच्या मागावर होते. मुंबईला आले ते त्यासाठी. आरमार सापडलं नाही, गाव सापडलं. राग गावावर निघाला.

चिंचपोकळीचा_चिंटू
म्हणजे साहेबावरचा राग घरी येऊन कुकरवर. समजलं.

बखरबहाद्दर
माफ करा, पण एवढी हळहळ कशाला? पोर्तुगीजांचं घर जळलं, जाळणारे इंग्रज आणि डच. तिघेही बाहेरचे. चोरांच्या भांडणात आपलं काय गेलं? उलट बरंच झालं म्हणायचं.

सुकट_बोंबील
बखरबहाद्दर, तुम्ही मूळ लेख नीट वाचला नाहीत. जळलेल्या गोष्टींची यादी परत बघा. पहिलं काय जळलं? झावळ्यांची घरं. त्यात पोर्तुगीज फिदाल्गो, म्हणजे उमराव, राहत होते का?

मी कोळी. आमच्याकडे माडाच्या विणलेल्या झावळीला झाप म्हणतात. माझी आजी पावसाआधी पडवीवर झाप चढवायची ते मला आठवतं. चार पावसाळी महिने भिजून, मग महिनाभर ऑक्टोबरच्या उन्हात कडकडीत वाळलेला झाप कसा पेटतो हे ज्याने पाहिलंय त्यालाच कळेल. एका घरावर ठिणगी पडली की आळीत पाणी आणायला वेळ मिळत नाही. त्या घरांत कोळी, भंडारी, कुणबी राहत होते. पोर्तुगीज साहेबाची वखार जळली तर त्याने दुसरी बांधली असेल. ज्याचं जाळं घरात टांगलेलं होतं त्याने काय केलं? आणि मोसम तर नुकता सुरू झालेला.

आमच्या घरात या आगीची काही कथा वगैरे नाही हो, आधीच सांगतो. उगाच कुणी 'परंपरेने चालत आलेली आठवण' म्हणून पुढे ढकलू नका.

बखरबहाद्दर
मान्य. यादी वाचताना मी तोफांवरच थांबलो होतो.

गिरगावची_ठमी
+१ सुकट_बोंबील. आणि बखरबहाद्दर यांनी आंतरजालावर 'मान्य' लिहिलं, याची नोंद इतिहासात व्हावी. १६२६ नंतरची सर्वात मोठी घटना.

पणजीकर_बाय
'मोठं घर' कुणाचं हे अजून कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. ते ज्या जागी होतं ती जागा गार्सिया द ओर्ताची. गोव्यातला नामांकित वैद्य, अहमदनगरच्या बुर्हाण निजामशहाच्या दरबारातही त्याचं येणंजाणं. पोर्तुगीज राजाने मुंबई बेट त्याला वार्षिक खंडावर दिलं होतं. इथल्या औषधी, मसाले, फळं यांवरचं त्याचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं. त्यात तो मुंबईच्या आपल्या एका आंब्याच्या झाडाबद्दल सांगतो, की ते वर्षाला दोनदा फळतं, एकदा मे अखेरीस आणि एकदा नाताळाच्या सुमारास.

हा ओर्ता ज्यू घराण्यातला, वरकरणी ख्रिस्ती. मेल्यावरही इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याला सोडलं नाही. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून गोव्यात जाळली. आणि सेहेचाळीस वर्षांनी मुंबईतलं घरही जळलं. माणसाच्या वाट्याला किती आगी याव्यात!

चिंचपोकळीचा_चिंटू
दोनदा फळणारा आंबा कुठे आहे सध्या? पत्ता व्यक्तिगत निरोपाने कळवा.

पणजीकर_बाय
पत्ता दिला असता, पण आत सोडणार नाहीत. ती जागा आता नौदलाच्या ताब्यात आहे. टाऊन हॉलच्या मागे.

किल्ल्यात_हरवलेला
हो! तिथेच पुढे इंग्रजांनी बॉम्बे कॅसल बांधला. माझे काका नौदलात होते, त्यांच्या ओळखीने एकदा आत जायला मिळालं. जुन्या दरवाजावर दगडात कोरलेले दोन पोर्तुगीज शिपाई आहेत आणि आत एक जुनं सूर्यघड्याळ. बाकी सगळं सरकारी, चुना लावलेलं, फोटो काढायला बंदी. आणि गंमत म्हणजे त्या ठाण्याचं नाव आयएनएस आंग्रे. पोर्तुगीजांनी वसवलं, वलंदेज-इंग्रजांनी जाळलं, इंग्रजांनी बांधलं, आणि पाटी कान्होजींची. दरवाजातून बाहेर पडताना मला उगाचच मिशीला पीळ द्यावासा वाटला. मिशी नाही, ही गोष्ट वेगळी.

सरखेल_फॅन
कान्होजींचं नाव निघालं म्हणून. १७१७ ला इंग्रज विजयदुर्गावर आले, हात हलवत परत. १७१८ ला खांदेरीवर आले, परत. १७२१ ला इंग्रज-पोर्तुगीज दोघे मिळून अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर आले, परत. म्हणजे ज्या पोर्तुगीजांचं घर जाळलं त्यांच्याच गळ्यात गळा घालून आले. एवढं आरमार होतं आपलं. आणि १७५६ ला ते कुणी बुडवलं? नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना सोबत घेऊन! समुद्रातून इंग्रज अॅडमिरल वॉटसन, जमिनीवरून पेशव्यांची फौज. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचं आरमार जळून खाक.

बखरबहाद्दर
कान्होजींचे चिरंजीव तुळाजी आंग्रे छत्रपतींना जुमानत नव्हते, पेशव्यांच्या मुलखाला त्रास देत होते, हे पण लिहा ना. अर्धाच इतिहास कशाला?

सरखेल_फॅन
घरातल्या भांडणात शेजाऱ्याला काडेपेटी कोण देतं?

बखरबहाद्दर
ज्याचं अर्धं घर भावाने आधीच पेटवलंय तो.

गिरगावची_ठमी
आलं, आलं. विषय मुंबई १६२६, पोचलो विजयदुर्ग १७५६. अजून तीन प्रतिसादांत पानिपत. कुणाला वडापाव हवाय का?

संपादक_मंडळ
आंग्रे-पेशवे वादाला या संस्थळावर आधीच सात धागे आहेत. आठवा काढा, पण इथे नको.

तांडेलाचा_नातू
मी तारखांकडे बघत होतो. नारळी पौर्णिमेनंतर दर्या उघडतो, तरी मोठी जहाजं किनाऱ्याजवळ आणायची तर पावसाळा पुरता सरावा लागतो. ऑक्टोबरचा उत्तरार्ध म्हणजे बेताचा काळ. पहाटे जमिनीवरून मतलई वाहतो, दुपारनंतर समुद्राकडून खारा वारा येतो. शिडाच्या जहाजाला बंदरात शिरायचं तर भरती आणि खारा वारा, निघायचं तर ओहोटी आणि मतलई. आमचे आजोबा घड्याळ न बघता असंच निघायचे. रविवारी संध्याकाळी सगळे जहाजावर चढले, याचा अर्थ मला सरळ लागतो. पहाटेच्या वाऱ्यावर सुटायचं होतं.

सनावळी_सखाराम
तांडेलाचा_नातू, 'ऑक्टोबरचा उत्तरार्ध' असं तुम्ही म्हणालात आणि मूळ धाग्यात १३ तारीख आहे, पण बरोबर तुमचंच आहे! इंग्लंडने तेव्हा नवं ग्रेगोरियन कॅलेंडर घेतलं नव्हतं, त्यांची तारीख दहा दिवस मागे. पोर्तुगीज आणि वलंदेज कंपनी नव्या कॅलेंडरवर. म्हणजे शेजारी शेजारी नांगरलेल्या मित्रजहाजांवर एकीकडे १३ ऑक्टोबर आणि दुसरीकडे २३ ऑक्टोबर. वार मात्र सगळ्यांचा एकच. डेव्हिसची १५ तारीख रविवार पडते का, हे मी जुन्या पद्धतीने मोजून पाहिलं. पडते.

नस्ती_उठाठेव
'१५ तारखेला भेटू' असं ठरवलं असतं तर एक जण दहा दिवस आधी येऊन थांबला असता. आमच्याकडे टिळक पंचांगवाले आणि दातेवाले यांच्यात असंच व्हायचं. घरात एक गणपती येतोय, दुसरा अजून रंगतोय.

सनावळी_सखाराम
पंचांग काढलंतच तर आणखी एक. चांद्रमासाच्या हिशेबाने मागे मागे गेलो. १६२६ ची आश्विन अमावास्या नव्या तारखेने २० ऑक्टोबरच्या आसपास येते. म्हणजे लक्ष्मीपूजन तेव्हा. हल्ला २३ ते २५. भाऊबीज होऊन एक-दोन दिवसच झालेले.

सुकट_बोंबील
हे वाचून जरा थांबलो.

गिरगावची_ठमी
मी पण.

तांडेलाचा_नातू
मग अंधाऱ्या रात्री आणि अमावास्येचं उधाण नुकतंच ओसरलेलं. चंद्राची कोर रात्री लवकरच मावळणार. त्यानंतर रविवारी रात्री त्या बंदरात उजेड फक्त आगीचाच असणार.

सातासमुद्रापार
नेदरलँड्समधून लिहितोय. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत सहकाऱ्यांना सांगितलं, तुमच्या पूर्वजांनी माझं गाव जाळलंय. एक म्हणाला, सॉरी. दुसरा म्हणाला, कुठलं गाव? मी म्हटलं मुंबई. तो म्हणाला, ते तर केवढं मोठं आहे, नीट जाळलेलं दिसत नाही. या लोकांचा विनोद सपाट जमिनीसारखाच असतो.

पण एक सांगतो. वलंदेज नंतर परत आले होते. फेब्रुवारी १६७३ मध्ये रायक्लोफ व्हान गून्स आरमार घेऊन मुंबईसमोर उभा राहिला. आता आत मालक कोण? त्यांचे जुने साथीदार इंग्रज. जेरल्ड ऑन्जियर गव्हर्नर होता. त्याने तटबंदी, तोफा, शिबंदी अशी तयारी केलेली, त्यात सोटे घेतलेले भंडारी पण होते. व्हान गून्सने अंदाज घेतला आणि न लढता गेला.

चिंचपोकळीचा_चिंटू
सोटे घेतलेले भंडारी बघून मी पण गेलो असतो.

आडवा_वारा
सगळ्यांचे आभार. पण माझ्या प्रश्नाला कुणी हात लावेना. सोडून का गेले?

खाडीपलीकडचा
जेवून आलो. (दोन दिवस लागले, सासरी होतो.)

माझं मत. जाळायला ३०० माणसं पुरतात, राखायला पुरत नाहीत. मुंबईभोवती बघा. वसई, ठाणे, माहीम, चौल, सगळीकडे पोर्तुगीज. वसई हे त्यांचं खरं वैभवाचं शहर, मुंबई त्यामानाने खेडं. इंग्रज तिथे बसले असते तर धान्य, लाकूड, पाणी आणायचं कुठून? आणि ती ३०० माणसं कुणी पलटण नव्हती, जहाजांवरचीच होती. ती किनाऱ्यावर ठेवली तर जहाजं चालवणार कोण?

होर्मुझ आठवा. १६२२ मध्ये इंग्रजांनी पोर्तुगीजांकडून होर्मुझ जिंकलं म्हणतात, पण जमिनीवर फौज होती इराणच्या शाह अब्बासची. किल्ला राहिला इराण्यांकडे. इंग्रजांना लुटीचा वाटा आणि बंदर अब्बासच्या जकातीत हिस्सा मिळाला. आणि त्या लुटीचं लंडनमध्ये काय झालं? आरमारप्रमुख ड्यूक ऑफ बकिंगहॅमने आपला वाटा म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडून १०,००० पौंड काढले, आणि राजा जेम्सने आणखी १०,०००. पराक्रम खलाशांचा, मलई वरच्यांची. असा अनुभव घेतलेल्या व्यापाऱ्यांना आणखी एक किल्ला कशाला हवा असेल?

सनावळी_सखाराम
खाडीपलीकडचा यांना अनुमोदन. जहांगिराच्या दरबारात तीनेक वर्षं काढलेला इंग्रज वकील टॉमस रो कंपनीला आधीच बजावून गेला होता, की लढाई आणि व्यापार एकत्र नांदत नाहीत. पोर्तुगीजांचे सगळे पैसे किल्ले आणि शिबंदी यांतच मुरतात, तुम्ही त्या फंदात पडू नका. सुरतेत वखार होती, मोगलांची परवानगी होती, नीळ आणि कापड मिळत होतं. किल्ल्याचा खर्च न करता धंदा चाललेला.

बखरबहाद्दर
मग १६६१ ला तीच मुंबई का घेतली? खेडंच होतं ना?

खाडीपलीकडचा
कारण तेव्हा फुकट मिळाली. आणि घेतल्यावरही राजाला ती नको झाली. १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकली.

पणजीकर_बाय
फुकट? ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन आठवा. गोव्यातल्या व्हाइसरॉयला मुंबई सोडायचीच नव्हती, त्याने कागदपत्रांत खुसपटं काढली. शिपमन आणि त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर पावसापाण्यात ताटकळत बसले. तापाने आणि हगवणीने बहुतेक मेले, शिपमनही मेला. शेवटी १८ फेब्रुवारी १६६५ ला त्याचा सचिव हम्फ्री कुक याने ताबा घेतला. तोही कुठे, माहीत आहे? त्याच मोठ्या घरात. ते परत उभं राहिलेलं होतं आणि तिथे दोना इग्नेस द मिरांदा नावाची विधवा राहत होती. बेटाची मालकीणच म्हणा.

म्हणजे १६२६ ला जे दार तोफा लावून फोडलं, ते १६६५ ला कागद दाखवून उघडून घेतलं. मधे १६३५ मध्ये गोव्यात दोघांचा तह झालेला, त्यामुळे शत्रू राहिले नव्हते. पण व्हाइसरॉय खुसपटं काढत होता तेव्हा त्याला जुनी आग आठवली नसेल असं मला वाटत नाही.

गिरगावची_ठमी
मालकीणबाईंनी चहा विचारला असेल का?

पणजीकर_बाय
चहा तेव्हा कुठला. माडाची ताडी विचारली असेल तर विचारली असेल.

सुकट_बोंबील
ताडी भंडाऱ्याने काढलेली. म्हणजे झावळीखालची माणसं परत आली होती तर.

आडवा_वारा
बरं. मला पटलं ते असं. ते मुंबई घ्यायला आलेच नव्हते. बोतेल्योची जहाजं शोधायला आले, ती मिळाली नाहीत, म्हणून दुरुस्तीच्या, रसदीच्या कामाची जी जागा दिसली ती निकामी करून गेले. ती दोन अर्धवट जहाजं जाळणं हेच खरं काम होतं. बाकीचं जाता जाता. माझी पैज 'इंग्रज घाबरून पळाले' अशी होती, म्हणजे हरलोच. चुलतभावाला पापलेट थाळी द्यावी लागणार.

अजून एक डोक्यात राहिलंय. १६२६ मध्ये मुंबईच्या किनाऱ्यावर दोन जहाजं बांधली जात होती. जहाजं बांधणारे वाडिया इथे आले त्याच्या शंभरेक वर्षं आधी. ती बांधत कोण होतं?

तांडेलाचा_नातू
साग कापणारे, फळ्या वाकवणारे, भेगांत काथ्या ठोकून डांबर लावणारे. वाडिया सुरतेहून आले तेव्हा या किनाऱ्यावर हातोडा काही पहिल्यांदा वाजला नाही. यावर वेगळा धागा काढा, माझ्याकडे आजोबांच्या वेळची काही अवजारं आहेत, फोटो टाकतो.

नस्ती_उठाठेव
पापलेटचा भाव बघितलात का हल्ली? तीन तोफा विकाव्या लागतील.

किल्ल्यात_हरवलेला
येत्या रविवारी सकाळी टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर कुणी येतंय का? आत सोडणार नाहीत, पण बाहेरून भिंत दिसते. साडेसात वाजता. उन्हाआधी.

चिंचपोकळीचा_चिंटू
येतो. नव्या कॅलेंडरचा रविवार ना?